व्यासपीठावरून उतरून लिहिताना

मराठी ख्रिस्ती लेखणीतून उतरलेलं आणि ख्रिस्ती नसलेल्या घरांतही आवडीने वाचलं जाणारं पुस्तक कोणतं, असं विचारलं तर बहुतेक वाचक 'स्मृतिचित्रे'चं नाव घेतील. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालं. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. पुस्तकाचं निमित्तही घरगुतीच होतं. मुलाला, म्हणजे देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्याने आईला आठवणी लिहून काढायला सांगितलं. चरित्राला पुरवणी म्हणून जे यायचं, तेच चरित्रापेक्षा मोठं ठरलं.

या पुस्तकात धर्मांतर आहे, आणि ते चांगलं ठळक आहे. १८९५च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर घरात उठलेला आकांत आहे, नवरा-बायकोची ताटातूट आहे, सोवळं हळूहळू कसं सुटत गेलं ते आहे, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः घेतलेला बाप्तिस्माही आहे. इतकं सगळं असून वाचकाचं मन वळवण्याचा खटाटोप त्यात नाही. टिळक भोळे, उधळे आणि तापट होते, तर ते तसेच दिसतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि त्यांच्या वेंधळेपणावर हसण्याची एकही संधी त्या सोडत नाहीत.

नव्याने लिहू लागलेल्या ख्रिस्ती मंडळींचे लेख आणि कथा वाचायला मिळतात, तेव्हा मला हे पुस्तक हटकून आठवतं, कारण त्यांत बहुधा याच्या अगदी उलट घडलेलं असतं. लेख वचनाने उघडतो, मग त्या वचनाचा अर्थ येतो, मग 'प्रियांनो' येतं आणि शेवटी आवाहन. कथा असली तर दारुडा नायक सातव्या पानावर प्रार्थनासभेत जातो आणि आठव्या पानावर त्याचं घर सुखी होतं. लिहिणारा खोटं बोलत असतो असं मुळीच नाही. त्याने लहानपणापासून उत्तम मराठी ऐकलंय ते पाळकसाहेबांच्या किंवा फादरांच्या उपदेशात. संडे स्कूल, तरुण संघ, कन्व्हेन्शन, सगळीकडे तोच साचा. लेखणी हातात घेतली की तोच साचा आपोआप उतरतो.

उपदेश वाईट असतो म्हणून हे सांगत नाही. देवळात बसलेला माणूस स्वतःहून आलेला असतो, समोरचा आवाज त्याच्या ओळखीचा असतो, आधी गाणी झालेली असतात आणि मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही. कागदावर यातलं काहीच नसतं. वाचक अनोळखी असतो, कदाचित आपल्या श्रद्धेचा नसतोही, आणि पान उलटायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तिथे त्याला धरून ठेवायचं ते घडलेल्या गोष्टीने, नेमक्या तपशिलाने आणि खरेपणाने. माझ्या मते नव्या ख्रिस्ती लेखकाने सगळ्यात आधी शिकायचं ते हेच, आणि बाकीच्या बऱ्याच सूचना यातूनच निघतात.

याचे धडे घ्यायला फार लांब जावं लागत नाही. पवित्र शास्त्रच या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. राजवाडा, मेजवान्या, कारस्थान, राजाची उडालेली झोप, एवढ्यावरच ते चालतं; आणि तरीही ज्यांनी शास्त्राची पुस्तकं ठरवली त्यांनी ते बाहेर ठेवलं नाही. उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. धाकटा परत येतो, जेवणावळ सुरू होते, थोरला रुसून बाहेर उभा राहतो, बाप त्याची समजूत घालायला जातो, आणि गोष्ट तिथेच थांबते. थोरला आत गेला की नाही, ते येशूने सांगितलं नाही. आपल्यापैकी कुणी ही गोष्ट लिहिली असती तर दोघा भावांची गळाभेट घडवून वर तात्पर्यही जोडलं असतं. स्तोत्रांचंही तसंच. दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत. त्यांत तक्रार आहे, देवाला विचारलेला जाब आहे, शत्रूंबद्दलचा राग आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळसुद्धा नाही. आजारपण, बेकारी, मूल गमावणं अशा विषयांवर लिहिताना शेवटच्या परिच्छेदात सगळं ठीक करून टाकायची घाई होते, तेव्हा हे स्तोत्र उघडून ठेवावं.

आता प्रार्थनेबद्दल. बरेच जण लिहायला बसण्याआधी प्रार्थना करतात आणि ते योग्यच आहे. अडचण पुढे येते. 'हे देवाने माझ्याकडून लिहवून घेतलं' असं एकदा म्हटलं की संपादकाने एक शब्दही बदललेला खपत नाही. अशा वेळी मी यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय वाचायला सांगतो. यिर्मया तोंडाने सांगतोय आणि बारूख शाईने गुंडाळीवर लिहितोय. ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढे वाचली जाते. हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. तीनचार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापतो आणि शेगडीत टाकतो, असं करत सगळी गुंडाळी जळून जाते. मग यिर्मया दुसरी गुंडाळी घेऊन बारूखला पुन्हा सगळं सांगतो, आणि या दुसऱ्या खेपेला पहिल्यातलं सगळं तर येतंच, शिवाय आणखी बरीच भर पडते. संदेष्ट्यालाही दुसरा खर्डा करावा लागला आणि तो पहिल्यापेक्षा भरीव झाला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. लूक तर शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच सांगतो की अनेकांनी आधी लिहिलेलं आहे, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेलं आहे, आणि आपण मुळापासून सगळ्याचा शोध घेऊन ते क्रमाने मांडतो आहोत. ही बातमीदाराची शिस्त आहे. रोमकरांस लिहिलेलं पौलाचं पत्र ज्याने कागदावर उतरवलं तो तर्तियसही शेवटी हळूच आपला सलाम घालतो. पवित्र आत्म्याने प्रेरणा दिली यावर ज्यांचा विश्वास आहे त्यांनी हेही मानायला हरकत नाही की त्याने ती लेखनिक, चौकशी आणि पुनर्लेखन यांच्यातूनच दिली.

भाषेचा प्रश्न मराठी ख्रिस्ती लेखकाला चारशे वर्षांपासून पडलेला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापून झालं. सुमारे अकरा हजार ओव्या, पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात नवा. देवनागरी खिळे नव्हते म्हणून छपाई रोमन लिपीत झाली. पण पुस्तकाचा जन्म लक्षात घ्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्या जागी म्हणायला, ऐकायला काही नव्हतं. काव्याच्या आरंभीच ही मागणी एका श्रोत्याच्या तोंडून येते. स्टीफन्सने त्यांच्या हातात प्रवचनांचं पुस्तक दिलं नाही. त्यांच्या कानाला ज्या छंदाची सवय होती तो छंद आधी आत्मसात केला आणि मग त्यात सगळी कथा बसवली. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या, म्हणजे मागणी होती हे उघड आहे.

पंडिता रमाबाईंचं काम वेगळं आणि एका अर्थाने अधिक हट्टाचं. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, आणि मराठी लिहिताना मात्र संस्कृत शब्द कटाक्षाने टाळायचं ठरवलं. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला ते कळायला हवं, हा त्यांचा निकष होता. आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षं त्या कामात गेली. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या तेव्हा काम नुकतंच हातावेगळं झालं होतं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते भाषांतर १९२४ साली पुस्तकरूपाने छापलं गेलं. खिळे जुळवण्याचं कामही तिथल्या बायकांनी केलं. पुढे मंडळ्यांच्या उपासनेत रूढ झालं ते दुसरं भाषांतर. तरीही नव्या लेखकाने रमाबाईंकडून एक गोष्ट उचलावी: लिहिण्याआधी वाचक ठरवावा, आणि तो ठरला की आपली आवडती विद्वत्ता बाजूला ठेवायची तयारी असावी.

आजचं देवळातलं मराठी हा तिसराच प्रकार आहे. 'प्रभूने माझ्या जीवनात महान कार्य केले', 'मी खूप आशीर्वादित झालो', 'माझ्या अंतःकरणात ओझे निर्माण झाले', ही वाक्यं साक्षीच्या वेळी रोज कानावर पडतात आणि ऐकणाऱ्यालाही त्यांचा अर्थ लागतो, कारण बोलणारा समोर उभा असतो. छापल्यावर ती पोकळ होतात. असं वाक्य सापडलं की स्वतःलाच विचारा, म्हणजे नेमकं काय झालं? फी भरायच्या आदल्या दिवशी पैसे आले? बोलणं तुटलेल्या भावाचा फोन आला? की काहीच झालं नाही, पण रात्री झोप लागली? तेच लिहा. महान कार्य होतं की नाही ते वाचक ठरवेल. घरी जी बोली बोलता ती संवादात येऊ द्या. वसईकडची सामवेदी किंवा वाडवळी असो, नगर-जालन्याकडची ग्रामीण बोली असो, की कोल्हापूरची, तिच्यात आजीची प्रार्थना ऐकू येते. पुस्तकी मराठीत ती आजी कुणाचीच राहत नाही.

विषयांचं म्हणाल तर खरं दारिद्र्य विषयांचं नाहीच. बाबा पदमनजी, रमाबाई, टिळक पतिपत्नी ही आपली प्रसिद्ध नावं, आणि ही सगळी वरच्या किंवा मधल्या जातींतून आलेली, एकेकट्याने ख्रिस्ती झालेली माणसं. मराठवाड्यात, नगर जिल्ह्यात खेड्यांच्या कडेला जी कुटुंबंच्या कुटुंबं ख्रिस्ती झाली, प्रामुख्याने महार आणि मांग समाजातली, त्यांच्या चारपाच पिढ्यांचं आयुष्य मराठी कादंबरीत फारच थोडं आलं आहे. मिशनच्या बोर्डिंगातले दिवस, मिशन हॉस्पिटलात नर्स झालेली घरातली पहिली मुलगी, जातीचा दाखला आणि धर्माचा रकाना यांच्यात अडकलेली नोकरी, दफनभूमीच्या जागेवरून ग्रामपंचायतीत झालेली भांडणं, सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला निघालेले ट्रॅक्टर. वसईच्या बागा, बावखलं म्हणजे तिथली तळी, बदलती गावं यांच्यावर तिथल्या लेखकांनी बरंच लिहिलं आहे, पण तेही संपलेलं नाही. यातल्या कुठल्याही विषयात 'ख्रिस्ती संदेश' मुद्दाम घालावा लागत नाही. श्रद्धा त्या माणसांच्या रोजच्या जगण्यात आहेच, फक्त ते जगणं नीट पाहून लिहायला हवं.

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात आणि जागोजागी विधवांची दशा पाहतात. त्या विधवांच्या हकिगती आजही वाचवतात, अंगावर येतात. मध्ये मध्ये येणारी धर्मचर्चा मात्र चाळून पुढे जावंसं वाटतं. एकाच पुस्तकात दोन्ही असल्यामुळे कुठलं टिकतं ते लख्ख दिसतं, म्हणून नव्या कथालेखकाने हे पुस्तक मिळवून वाचावंच. त्या काळच्या मिशनरी छापखान्यांतून इतर धर्मांवर टीकेचंही पुष्कळ निघालं. त्याला तेव्हा संदर्भ असेल, आज ते अभ्यासकांखेरीज कुणी उघडत नाही. उलट टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि त्यांनी अभंग, भजन, कीर्तन देवळात आणलं. त्यांची पदं आजही रविवारी गायली जातात. शेजाऱ्याच्या श्रद्धेबद्दल लिहायची वेळ आली तर या दोन वाटांचं पुढे काय झालं ते आठवावं.

स्वतःची साक्ष लिहिताना एक पथ्य फार कमी जण पाळतात. साक्ष आपली असते, पण तिच्यात येणारे लोक आपले नसतात. दारू पिणारा बाप, रुसून गेलेली बायको, धर्म न बदललेले काका, यांचं नाव-गाव छापण्याआधी त्यांना विचारा. विचारता येत नसेल तर नाव बदला, ओळख पुसा. आजार बरा झाल्याचं लिहीत असाल तर डॉक्टर आणि औषधंही लिहा. तुमचा लेख वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर ती जबाबदारी लेखणीवर येते. मंडळीतली भांडणंही लिहायला हरकत नाही, पण राग शमल्यावर, आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकून.

आता व्यवहाराचं थोडं. सुरुवात छोट्या लेखांनी आणि नियतकालिकांतून करावी. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेलं 'ज्ञानोदय' मराठीतल्या सर्वांत दीर्घायुषी नियतकालिकांपैकी एक. १९१२ पासून अखेरपर्यंत टिळक त्याच्या मराठी भागाचे संपादक होते. जेझुइटांचं 'निरोप्या' १९०३ पासूनचं. वसईचं 'सुवार्ता' फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादकत्वाखाली धर्मपत्रिकेच्या पलीकडे गेलं. पर्यावरण, समाज, साहित्य सगळं त्यात आलं आणि ख्रिस्ती नसलेले लेखकही त्यात लिहू लागले. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिब्रिटोंना मिळालं, ते या मोकळेपणाचंही फळ होतं असं मी मानतो. तेव्हा ख्रिस्ती मासिकांवरच थांबू नका. दिवाळी अंक आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्या यांनाही लिहा. नाताळचा लेख डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवून उपयोग नसतो. अंक त्याआधीच लागलेला असतो. सप्टेंबरातच विचारणा करावी. लेख युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा, आणि वचनांचे संदर्भ अध्याय-ओवीसह एकदा पुस्तक उघडून ताडून घ्यावेत. पाठ आहे म्हणून लिहिलेल्या वचनांतच सर्वाधिक चुका सापडतात.

वचन कुठल्या भाषांतरातलं आहे ते लिहा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत कॉपीराइट टिकतो, त्यामुळे टिळकांची पदं किंवा रमाबाईंचं भाषांतर आता सर्वांचं आहे. अलीकडची भाषांतरं मात्र प्रकाशकांच्या किंवा बायबल सोसायटीच्या मालकीची असतात. दोनचार ओव्यांचा प्रश्न नसतो, पण रोजच्या मननाचं पुस्तक काढणार असाल आणि पानोपानी उतारे असतील तर लेखी परवानगी आधीच मागावी. कॅथलिक लेखकांना धर्मगुरूंच्या परवानगीची फार धास्ती असते. चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेप्रमाणे शास्त्राची भाषांतरं, प्रार्थनापुस्तकं आणि धर्मशिक्षणाची पुस्तकं यांना बिशपांची मान्यता लागते. कविता, कथा, आत्मकथन यांना लागत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अशी पद्धत सहसा नाही. तरी शास्त्राचा अर्थ लावणारं काही लिहिलं असेल तर अभ्यासू पाळकांना दाखवावं. आणि तेच लिखाण एका ख्रिस्ती नसलेल्या मित्रालाही वाचायला द्यावं. पाळक चूक काय ते सांगतील, मित्र कुठे कंटाळा आला ते सांगेल, आणि बहुतेक वेळा दुसरी माहिती जास्त कामाची असते.

पुस्तक स्वतः काढायचं तर आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या आणखी ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. छोट्या ख्रिस्ती प्रकाशनांत हे सर्रास राहून जातं, आणि पुढे त्या पुस्तकाचा मागमूसही लागत नाही. प्रती थोड्याच छापा. रविवारी देवळाच्या दाराशी टेबल मांडून होईल ती विक्री पहिल्या दोन महिन्यांतच होते, नंतर गठ्ठे पलंगाखाली जातात. तुमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाला दोन प्रती भेट द्या. अनोळखी वाचक तिथेच भेटतो.